श्वास आणि हवा : योगाच्या शैलींचा एक तुलनात्मक विचार

१

दलित साहित्यात शरीर हा विषय नवा नाही. ओझ्याने वाकलेले, उपाशी, मार खाल्लेले, गावाने दूर ठेवलेले शरीर आपल्या कवितेने आणि आत्मकथनांनी मराठी वाचकासमोर आणून उभे केले. पण या शरीराने स्वतःच्या स्वास्थ्यासाठी काय करावे, हा प्रश्न आपल्या चर्चेत फारसा आला नाही. योगाचा विषय निघाला की आपल्यात दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, हे ब्राह्मणी थोतांड आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही. दुसरी, व्यायामच तो, त्याला कसली जात? पहिली प्रतिक्रिया सभेत ऐकू येते, दुसरी घरात. मला अनेक कार्यकर्ते माहीत आहेत जे व्यासपीठावर पहिले बोलतात आणि पहाटे दूरदर्शन संचासमोर बसून दुसरे करतात. यात त्यांचा ढोंगीपणा नाही. कंबर दुखते, साखर वाढते, डॉक्टर सांगतो, म्हणून ते करतात. मात्र दोन्ही प्रतिक्रियांत चिकित्सा नाही. योग ही एकच एक, अखंड वस्तू आहे असे दोघेही गृहीत धरतात आणि प्रस्थापितांचे म्हणणेही नेमके तेच आहे.

वस्तुस्थिती तशी नाही. आज ज्याला योग म्हणतात त्याच्या अनेक शैली आहेत. त्यांतल्या महत्त्वाच्या शैली गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आणि त्याही बऱ्याचशा आपल्या महाराष्ट्रात घडल्या. त्या एकमेकींशी पटवून घेत नाहीत. त्यांची तुलना करण्याचा, आणि ती आपल्या बाजूने करण्याचा, हा प्रयत्न आहे.

आपली बाजू म्हणजे कोणती, ते आधी सांगितले पाहिजे. मी सालवडला राहते. बोईसरला लागून असलेले, तारापूर औद्योगिक वसाहतीने वेढलेले हे गाव. माझे वडील मराठवाड्यातून इथे आले आणि एका रंगाच्या कारखान्यात रोजंदारीवर लागले. आई पावसाळ्यात आजूबाजूच्या शेतांत आवणीला जायची, एरवी पॅकिंगच्या कामाला. घरातली मी पहिली पदवीधर. आज ज्या महाविद्यालयात शिकवते तिथल्या सकाळच्या तासाला रात्रपाळी करून आलेली मुले बसतात. दोन वर्षांपूर्वी २१ जूनला त्यांतला एक जण उशिरा आला आणि बाकावर डोके ठेवून झोपला. विचारले तेव्हा म्हणाला, "मॅडम, पाळी सुटल्यावर गेट उघडलंच नाही. योगा होता. फोटो होईपर्यंत थांबवलं." तो कंत्राटी कामगार. बारा तास उभे राहून काम केलेल्या मुलाला आणखी पाऊण तास वृक्षासनात उभे केले होते. पायाखाली नवी चटई दिली होती. नाकाला बांधायला चांगला मास्क मात्र त्याला वर्षभरात मिळालेला नव्हता.

त्या मुलाला समोर ठेवून मी प्रत्येक शैलीला तीन प्रश्न विचारणार आहे. दारात आलेल्या शरीराकडे ती कसे पाहते? त्याला कोणापुढे वाकायला लावते? आणि सराव संपल्यावर माणसाला कुठे आणून सोडते?

२

सुरुवात एका गुरूच्या दोन शिष्यांपासून करू. नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदास नावाचे योगी राहत. त्यांच्याकडे जगन्नाथ गणेश गुणे आणि मणिभाई देसाई हे दोघे शिकले. गुणे अमळनेरला शिक्षक होते. पुढे ते स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. देसाई श्रीयोगेंद्र झाले. त्यांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग संस्था सुरू केली, ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. गुरू एक, पण दोन शैली निघाल्या.

योगेंद्रांनी योग संन्याशाकडून काढून संसारी माणसाला दिला. आसने सोपी केली, आहार-विहाराचे, मनाच्या सवयींचे शिक्षण त्यांना जोडले. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिले. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पण त्यांच्या नजरेपुढचा संसारी माणूस बैठ्या कामाचा, शहरातला, पोटभर जेवणारा होता. त्याचा आजार हालचाल न करण्यातून येतो. माझ्या वडिलांचा आजार अति हालचालीतून आला. दिवसाला शेकडो पोती वाहणाऱ्या पाठीला 'सकाळी थोडे वाका' हे सांगण्यात काही चूक नाही, पण ते तिच्यासाठी लिहिलेले नाही, एवढे आपण ओळखले पाहिजे.

कुवलयानंदांची वाट वेगळी होती. त्यांनी योग प्रयोगशाळेत नेला. 'योगमीमांसा' हे त्यांचे नियतकालिक १९२४ पासूनच निघू लागले. उड्डियान आणि नौली करताना पोटात दाब किती कमी होतो, क्ष-किरणांत काय दिसते, श्वास रोखला की शरीरात काय बदलते, हे त्यांनी मोजले. एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो ही तेव्हाही लोकप्रिय असलेली समजूत होती. कुवलयानंदांनी मोजमाप करून तिला आधार नसल्याचे सांगितले; प्राणायामाचे मोल असेल तर ते दुसरीकडे शोधावे लागेल, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या श्रद्धेच्या विषयाबद्दल प्रयोगाचा निष्कर्ष मान्य करणारा हा माणूस होता. आज दूरदर्शनवर कोणीही उठतो आणि श्वासाने सगळे रोग बरे होतात म्हणतो, तेव्हा ही शिस्त आठवावी.

कुवलयानंद राष्ट्रवादी होते, आणि प्राचीन ज्ञान विज्ञानाने सिद्ध करून दाखवण्याची त्या पिढीची आकांक्षा त्यांच्यातही होती, हे नाकारण्याचे कारण नाही. 'यौगिक संघ व्यायाम' या नावाने मोठ्या समूहासाठी मोजणीवर करायचा अभ्यासक्रमही त्यांनीच तयार केला. आजच्या मैदानी योगाची एक मुळी तिथे सापडते. पण आपल्या दृष्टीने त्यांचे योगदान हे की त्यांनी योगाला पुराव्याच्या दारात उभे केले. शब्दप्रामाण्य नाकारणाऱ्या चळवळीला ही भाषा परकी नाही. जे मोजता येते ते प्रश्नालाही उत्तर देणे लागते.

३

तिसरी शैली औंधची. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रचार आयुष्यभर केला, आपल्या संस्थानातल्या शाळांत तो सक्तीचा केला, १९२८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १९३८ मध्ये त्यांची पद्धत इंग्रजी पुस्तकातून लंडनला पोहोचली. या पद्धतीचे गुण मोकळेपणाने मान्य करू. तिला साधन लागत नाही, पैसा लागत नाही, दोन हात जागा पुरते. आणि राजाने ती स्त्रियांनाही सांगितली.

परंतु इथे दुसरा प्रश्न उभा राहतो. व्यायामाबरोबर बीजमंत्र आहेत, सूर्याची नावे आहेत आणि साऱ्या हालचालीचे नावच नमस्कार आहे. ज्या समाजाला शतकानुशतके वाकून जोहार घालावा लागला, ज्याने तो जोहार टाकून ताठ मानेने जयभीम म्हणायला शिकले, त्याला वाकण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. 'सूर्य सर्वांचाच आहे' हे उत्तर पुरेसे नाही. सूर्य सर्वांचा आहे. मंत्र सर्वांचे नव्हते. ज्यांच्या कानांवर ते पडू नयेत म्हणून व्यवस्था होती, त्यांच्याच मुलांनी ते पाठ केले नाहीत म्हणून आज त्यांना राष्ट्रद्रोही ठरवायचे, हा उलटा न्याय झाला.

गंमत अशी की सूर्यनमस्कार हा योगच नव्हे असे योगेंद्रांचे ठाम मत होते. सूर्योपासनेला जोडलेला तो एक व्यायामप्रकार, अजाण लोकांनी योगात मिसळलेला, असे ते मानत. आता पाहा. औंधचा राजा, सांताक्रूझचे योगेंद्र आणि लोणावळ्याचे कुवलयानंद हे समकालीन, एकाच प्रांतात वावरणारे. मूलभूत गोष्टीवर त्यांचे एकमत नाही. मग 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' ही भाषा कोणाच्या सोयीची आहे? अखंड म्हटले की प्रश्न विचारता येत नाही. परंपरा माणसांनी जुळवली, वाद घालत जुळवली, असे दिसले की आपल्यालाही त्या वादात बोलण्याचा अधिकार येतो.

४

चौथी शैली पुण्याची. बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार १९१८ मध्ये कर्नाटकात कोलार जिल्ह्यात जन्मले. घर ब्राह्मणाचे, पण दारिद्र्य खरे. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय यांनी त्यांचे शरीर खिळखिळे केले. म्हैसूरला मेहुणे कृष्णमाचार्य यांच्याकडे ते आसने शिकले आणि १९३७ मध्ये शिकवण्यासाठी पुण्याला आले. १९६६ मध्ये 'लाइट ऑन योग' हे सुमारे सहाशे छायाचित्रांचे पुस्तक निघाले आणि १९७५ मध्ये पुण्यात पत्नी रमामणी यांच्या नावाने त्यांची संस्था उभी राहिली.

अय्यंगारांच्या शैलीचे वैशिष्ट्य म्हणजे साधने. पट्टा, लाकडी वीट, खुर्ची, लोड, भिंतीतले दोर. हात पायापर्यंत पोहोचत नसेल तर हाताखाली वीट ठेवा. पाठ सरळ राहत नसेल तर भिंत घ्या. आजारी माणसाला झोपवून, आधार देऊन आसनात ठेवा. यामागचा विचार मला मूलगामी वाटतो. शरीर आसनात बसत नसेल तर दोष शरीराचा नाही, आसनाने शरीरापर्यंत यावे, असा तो विचार आहे. स्वतः दुबळ्या शरीराचा माणूसच हे शोधू शकतो. उत्तम शरीर असलेल्यांच्या परंपरेत अधिकारी आणि अनधिकारी असा भेद सहज रुजतो; इथे तो निदान तत्त्वतः मोडला आहे.

मर्यादाही आहेत. शिस्त कडक, गुरूचा शब्द अखेरचा, आणि साधनांनी सज्ज वर्गाची फी कामगाराच्या आवाक्याबाहेरची. शहरात जिथे ही शैली शिकवतात तिथे सालवडचा कामगार दिसत नाही. पण पद्धत आणि तिचे दुकान यांत फरक केला पाहिजे. दोर नसला तरी भिंत प्रत्येक खोलीला असते.

याच संदर्भात आणखी एका गोष्टीची नोंद हवी. ती गोष्ट उकिडवे बसण्याची. आवणीत दिवसभर वाकून, न्याहारीला बांधावर उकिडवे बसणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहिल्या. मालकाच्या अंगणात माणसे अशीच बसत, कारण ओट्यावर बसण्याची परवानगी नव्हती. शाळेत या बसण्याची टिंगल झालेली मी ऐकली आहे. आज तीच बैठक मालासन या नावाने, फी घेऊन शिकवली जाते आणि तिने कंबर मोकळी होते असे सांगतात. कंबर मोकळी होत असेलही. परंतु शरीराची एखादी ठेवण ज्ञान ठरते की गावंढळपणा, हे ती कोण करतो यावर ठरते, हे विसरता येत नाही.

५

पाचवी शैली सरकारी. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन झाला. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने त्यासाठी पाऊण तासाचा समान अभ्यासक्रम बनवला. प्रारंभी वैदिक प्रार्थना, मग शरीर मोकळे करणे, आसने, कपालभाती, प्राणायाम, ध्यान, संकल्प, शेवटी शांतिपाठ. २०१५ मध्ये आक्षेपांनंतर सूर्यनमस्कार त्यात घेतला गेला नाही. म्हणजे काय असावे आणि काय नसावे हे वाटाघाटीने ठरते, हे खुद्द सरकारनेच मान्य केले.

या शैलीत शरीराकडे कोणी पाहतच नाही. ध्वनिक्षेपकावर आकडे मोजले जातात, हजार माणसे एकदम हात वर करतात, छायाचित्र निघते. अय्यंगारांच्या वर्गात एकाचा गुडघा पाहिला जातो. इथे संख्या पाहिली जाते. आणि सक्ती आली की समूह हा संघटन राहत नाही, नुसती हजेरी होते. आपल्या चळवळीला समूह ठाऊक आहे. महाडच्या तळ्यावर लोक एकत्र गेले ते कोणी गेट बंद केले म्हणून नव्हे.

६

आता आपल्या घरातल्या वादाकडे येऊ. १९७६ पासून इगतपुरीला सत्यनारायण गोएंका यांची विपश्यना शिबिरे होऊ लागली. बौद्ध समाजातले असंख्य लोक तिथे जाऊन आले आहेत. विपश्यना स्वतःला योग म्हणत नाही. शिबिरात आसनांचा सरावही थांबवायला सांगतात. पण श्वासापासूनच आरंभ होत असल्याने तुलना टाळता येत नाही. तिच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. फी नाही, मूर्ती नाही, पूजा नाही, जात विचारत नाहीत. परंतु दहा दिवस कोणाला परवडतात? सरकारी नोकराला रजा मिळू शकते. रोजंदारीवरच्याचे दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची चूल. आणि तिसरा प्रश्न इथे धारदार होतो. दुःखाचे मूळ माझ्याच मनाच्या संस्कारांत आहे, एवढेच घेऊन माणूस शिबिरातून बाहेर पडला, तर गेट बंद करणाऱ्याचे काय?

बाबासाहेबांनी हा प्रश्न ओळखला होता. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ योग टाळत नाही. आळार कालामाकडे, उद्दक रामपुत्ताकडे तो ध्यानमार्ग शिकतो. श्वासाच्या नियमनाच्या निरनिराळ्या पद्धती, आनापानसती, पूरक-कुंभक-रेचकाचा प्राणायाम, यांचा तिथे उल्लेख आहे. मगधात श्वास रोखण्याची रीत शिकताना त्याला असह्य वेदना होतात, तरी तो ती शिकतो. म्हणजे सिद्धार्थाने शैलींची तुलनाच केली. आणि मग पुढे गेला. कारण बाबासाहेबांच्या बुद्धाच्या धम्माचा केंद्रबिंदू माणूस आणि माणसाचे माणसाशी नाते हा आहे. श्वास हे साधन, कसोटी नात्याची.

योग आपला नाहीच असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हठयोगाच्या पद्धती शिकवणारा आज उपलब्ध असलेला अगदी आरंभीचा ग्रंथ 'अमृतसिद्धी' हा अकराव्या शतकाच्या सुमाराचा असून तो वज्रयानी बौद्ध वर्तुळातला आहे, असे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. 'दत्तात्रेययोगशास्त्र' हा त्यानंतरचा ग्रंथ योगाचे अधिकारी सांगताना बौद्ध, जैन आणि चार्वाक यांनाही त्यांत धरतो. तेव्हा मालकी हक्काचा दावा कोणालाच करता येणार नाही, आणि 'ते त्यांचे' म्हणून आपणच सोडून देण्याचेही कारण नाही.

पुण्यात घडलेली एक गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. १९७७ मध्ये लोकमित्र हे इंग्रज बौद्ध अय्यंगारांकडे योग शिकण्यासाठी भारतात आले. वाटेत ते नागपूरला उतरले. धम्मदीक्षेचा तो एकविसावा वर्धापनदिन होता. लाखो बौद्ध त्यांनी तिथे पाहिले. पुढच्या वर्षी ते पुण्यात राहायला आले आणि १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम उभे राहिले. दापोडीसारख्या वस्त्यांत ध्यानाबरोबर वसतिगृहे, आरोग्य, शिक्षण ही कामे सुरू झाली. त्या संघटनेच्या भूमिकांविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि असावेत. पण योगवर्गाकडे निघालेला माणूस वस्तीत पोहोचतो, हे माझ्या तिसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

७

शेवटी सालवडला परत येते. वडिलांना गेली काही वर्षे दम लागतो. डॉक्टरांनी पंप दिला आहे. वसाहतीतल्या योगवर्गात त्यांना कपालभाती करायला लावली, तेव्हा घेरी येऊन ते बसले. शिक्षकाने 'विष बाहेर पडतंय' असे सांगितले. मी नंतर अय्यंगार पद्धतीतली आधाराची मांडणी वाचून पाहिली. लोड नव्हता. आईच्या दोन गोधड्यांची उभी वळकटी केली, पाठीच्या कण्याखाली ठेवली, डोक्याखाली उशी दिली. छाती उघडली. वडील दहा मिनिटे शांत पडून राहिले आणि म्हणाले, "बरं वाटतंय." पंपाची जागा गोधडीने घेतली नाही, घेणारही नाही. पण बरे वाटणे हीसुद्धा त्यांच्या वाट्याला क्वचित आलेली गोष्ट आहे आणि ती मी कोणत्याही सिद्धान्तासाठी नाकारणार नाही.

अंधार पडल्यावर रसायनाचा वास सुरू झाला. वडील डोळे न उघडता म्हणाले, "खिडकी लाव."

सगळ्या शैलींची पुस्तके सांगतात की प्राणायाम मोकळ्या, स्वच्छ हवेत करावा. एवढ्या एका वाक्यावर त्यांचे एकमत आहे आणि त्या वाक्यापाशीच त्या सगळ्या थांबतात. हवा कोण स्वच्छ ठेवणार हे कोणी सांगत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर हे देशातले सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले; शंभरपैकी ९३.६९ गुण. परीक्षेतले हे गुण आमच्या मुलांना कधी मिळत नाहीत. इथे खोल श्वास घे म्हणणे आणि हवेबद्दल गप्प बसणे, हे कोणत्याही शैलीचे असो, अर्धसत्य आहे.

याच किनाऱ्यावरच्या मच्छीमार मांगेला समाजाच्या परिषदेने या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी टाकणारा आदेश दिला. त्या अर्जात आसन नाही, मंत्र नाही. पण सालवडच्या श्वासासाठी इथे कोणी काही केले असेल तर ते त्या माणसांनी केले आहे. श्वास एकट्याचा असतो, हवा सगळ्यांची असते, हे त्यांना कळले होते.

म्हणून माझे म्हणणे नकाराचे नाही आणि स्वीकाराचेही नाही. कुवलयानंदांची मोजण्याची शिस्त घ्यावी. अय्यंगारांची, आसनाने शरीरापर्यंत यावे ही दृष्टी घ्यावी. सक्ती, मंत्र आणि रोग बरे करण्याच्या बाजारू थापा नाकाराव्यात. शिबिरात जाणाऱ्याने जावे, परत आल्यावर वस्तीच्या बैठकीलाही यावे. वृक्षासनात उभ्या केलेल्या त्या मुलाला मी वर्गात एवढेच सांगितले की पुढच्या २१ जूनला चटईबरोबर मास्क मागा, आणि एकट्याने मागू नका. तो हसला. पण मागच्या जूनमध्ये त्याच्या पाळीतल्या अकरा जणांनी सह्या करून अर्ज दिला, त्यात त्याची सही पहिली होती. मास्क अजून आलेले नाहीत. अर्जाची पोच मात्र त्याने मला आणून दाखवली. ती त्याने घडी करून पाकिटात ठेवली आहे.